ओ नव्हे, पूज्य

देवावर माझा विश्वास नव्हता असं मी म्हणणार नाही. पण त्या वर्षी तो मी कुठं ठेवलाय तेच मला सापडत नव्हतं. रोज पहाटे अंघोळ करून गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घ्यायचो, भस्म लावायचो, बेल वाहायचो, आणि पूजा आटोपल्यावर आपण मघाशी काय म्हटलं तेही आठवायचं नाही. पत्नी जाऊन बराच काळ लोटला होता. नांदूरघाटच्या पेठेत आमचं वडिलार्जित कापडाचं दुकान होतं. गावात केबल आली होती, एसटीडी बूथ निघाला होता, तरणी पोरं तयार शर्ट घ्यायला बीडला जात होती. हे सगळं कुठून येतंय आणि आपल्याला कुठं नेतंय, मला काही उमगत नव्हतं. मुळात माझा स्वभाव प्रत्येक गोष्टीचं कारण विचारणारा. कारण कळल्याशिवाय मी एक पाऊल टाकत नसे, आणि त्या काळात कशाचंच कारण कळत नव्हतं.

गिरिजा माझी एकुलती एक लेक. लातूरला राहून ती कॉम्प्युटर शिकून आली आणि दुकानाच्या माडीवर तिनं मुलींसाठी क्लास काढला. पोरीचं लग्न बघायचं सोडून आप्पा तिला मशीनं घेऊन देतोय, असं लोक बोलले. मशीनं जुनीच होती, पुण्याच्या कुठल्या तरी ऑफिसनं काढून टाकलेली. त्यांना स्वतःची हार्ड डिस्क नव्हती. डिस्क होती ती फक्त कोपऱ्यातल्या मोठ्या मशीनला. त्याला सर्व्हर म्हणत आणि त्याच्या एका डिस्कवर बाकी सगळ्यांनी चालायचं. गिरिजानं मला एकदा ते समजावून सांगितलं होतं. "आप्पा, ही मशीनं सुरू झाली की त्यांना स्वतःचं काहीच ठाऊक नसतं. ती वायरीतून सर्व्हरला हाक मारतात. त्यानं ओळखलं, की तो आपल्या डिस्कवरनं त्यांना सुरू व्हायचा प्रोग्रॅम पाठवतो."

"आणि नाही ओळखलं तर?" मी विचारलं.

"तर हाक मारत बसतात बिचारी."

मी मान डोलावली, पण मला काही ते पटलं नव्हतं.

दसऱ्यानंतर एका दुपारी व्होल्टेज असं काही वाढलं की माडीवरचे बल्ब फुटले आणि सर्व्हरची डिस्क जळाली. लातूरहून एक माणूस आला, नवी डिस्क बसवून, मुख्य प्रोग्रॅम टाकून गेला. प्रत्येक मशीनची ओळख सर्व्हरला नव्यानं करून द्यायची राहिली होती, ती गिरिजा करणार होती. तेवढ्यात तिच्या पोटात कळ उठली. जीप करून बीडला नेलं तर डॉक्टर म्हणाले, अपेंडिक्स फुटायच्या बेतात आहे. लगोलग ऑपरेशन झालं.

शुद्धीवर आल्यापासून तिच्या तोंडी एकच गोष्ट होती. मुलींची पहिलीच परीक्षा, बाहेरचे परीक्षक येणार, आणि मशीनं बंद. परीक्षा झाली नाही तर क्लासला मिळालेलं परीक्षा केंद्र जाणार होतं. त्याहून मोठी भीती तिला मुलींच्या वडिलांची होती. त्यातले बरेच जण आधीच कुरकुरत होते. त्यांना पोरींना घरी बसवायला एवढं निमित्त पुरलं असतं. म्हणून मशीनं बंद पडल्याचं तिनं कुणाला कळूही दिलं नव्हतं. परीक्षेच्या आदल्या दिवशी सकाळी तिनं माझा हात धरला. "आप्पा, तुम्ही जा. मी सांगते तसं करा. आत्या आहे माझ्याजवळ."

लेकीच्या उशाशी बसावं की तिच्या मशीनपाशी, मला कळेना. तिचा हात गरम वाटला होता, तरी मी निघालो. नेकनूरच्या पुढं एसटी चढावर कण्हत होती आणि मी खिडकीतून डोंगराकडं बघत मनात तिनं सांगितलेलं घोकत होतो. अर्धं नांदूरघाट येण्याआधीच विसरलो.

त्या दिवशी बाजार होता. दुकान न उघडताच मी माडीवर गेलो. मशीनं चालू केली. प्रत्येकाच्या पडद्यावर आकडे आणि इंग्रजी अक्षरं मिसळलेला एक लांबलचक नंबर आला. तो त्या मशीनचा स्वतःचा नंबर. तो पाहून सर्व्हरमध्ये लिहायचा, साठवायचा आणि सगळं पुन्हा सुरू करायचं, असं गिरिजानं सांगितलं होतं. एक एक बटण शोधत मी ते केलं. पुन्हा सुरू केल्यावर पहिल्या मशीनवर एक रेघ सरकत राहिली आणि खाली इंग्रजीत आलं की सर्व्हर सापडत नाही. सर्व्हर तर शेजारी हातभर अंतरावर! मी वायरी हलवून पाहिल्या. पुन्हा केलं, पुन्हा तेच. डोकं भणभणलं. तिथंच खुर्चीवर बसून मी देवाला म्हणालो, आणि जरा रागानंच म्हणालो, की मला यातलं काही कळत नाही, तुला कळत असेल तर तू बघ.

समोरच्या बाजूला सलीमचा एसटीडी बूथ होता. पाय अधू असल्यामुळं तो दिवसभर काउंटरमागंच असायचा. त्यानं हॉस्पिटलचा नंबर लावला, गिरिजाला फोनवर बोलावलं. मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आप्पा, पडद्यावर काय काय आहे ते बघून सांगा, मी फोन धरते." मी रस्ता ओलांडून, जिना चढून वर जायचो, वाचायचो, खाली येईपर्यंत विसरायचो. बैलगाड्या, भांडीवाल्याचा कर्णा, एसटीचे हॉर्न. दोन-तीन खेपांत माझी छाती भरून आली. मग सलीम म्हणाला, "आप्पा, तुम्ही वरच थांबा. फोन मी धरतो. खिडकीतून ओरडा." पण बाजाराच्या गलक्यात त्याचं मला ऐकू येईना आणि माझं त्याला.

आमच्या दोघांच्या मधोमध, रस्त्याच्या कडेला, सीताफळांची पाटी घेऊन एक बाई बसली होती. उन्हानं रापलेली, कपाळावर ठसठशीत कुंकू. मी तिला याआधी कधी पाहिलं नव्हतं. ती उठून उभी राहिली.

"काय कालवा लावलाव वो शेटजी? कुनाला काय सांगायचंय?"

सलीमनं तिला दोन शब्दांत सांगितलं, की यांची लेक दवाखान्यात आहे आणि फोनवरून मशीन सुरू करायला शिकवतेय. ती पदर खोचून रस्त्याच्या मध्यावर आली. "मला सांगा. म्या सांगते वरी."

आणि तिचा आवाज! डोंगरातल्या या बाजूवरून त्या बाजूला हाक मारणारा. गिरिजा सलीमला सांगायची, सलीम हिला, ही मला. माझं उत्तर त्याच वाटेनं उलट जायचं. एका इंग्रजी अक्षराशी तिची ओळख नव्हती, पण जे कानावर पडेल ते ती तसंच्या तसं वर पोचवायची. फक्त बी आणि डी तिला सारखेच ऐकू येत. "बी का डी? येकच वाटतंय मला!" सलीम ओरडला, "बी, बी! बेलाचा बी!" त्यावर तीच म्हणाली, "मंग डी देवाचा. आन् सी माझ्या सीताफळाचा." लोक हसायला लागले. भांडीवाल्यानं कर्णा बंद केला. येणारे जाणारे थांबून ऐकू लागले.

मी प्रत्येक नंबर वाचून दाखवत होतो. मधेच सलीमचा चेहरा बदलला. तो काहीतरी म्हणाला आणि ती बाई वळून ओरडली, "शेटजी, ती म्हनतीय, ओ न्हाई, पूज्य! समदीकडं पूज्य!"

मला कळेना. मी म्हणालो, "ओच आहे, गोल आहे, मी बघूनच लिहिलंय. विचार तिला, ओ का नको?"

"कावून इचारायलाव? ती म्हनतीय पूज्य, तर पूज्य घाला की!"

तेव्हा उमगलं. शून्याच्या जागी मी सगळीकडं इंग्रजी ओ लिहून ठेवला होता. लहानपणी आजोबा मला दुकानात पूज्य म्हणूनच शून्य शिकवायचे. तो शब्द कित्येक वर्षांत कानावर आला नव्हता. मी खाली मान घालून एकेक ओ काढून तिथं पूज्य घालत गेलो. नंतर गिरिजानं आणखी एक ओळ बदलायला लावली; नव्या डिस्कवर सुरू व्हायचा प्रोग्रॅम वेगळ्या जागी ठेवलेला होता म्हणे. ते का, कसं, मी विचारलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच विचारलं नसेल. जे सांगितलं ते दाबत गेलो.

सगळं पुन्हा सुरू केलं. यायला वेळ लागणार होता. पहिल्या मशीनच्या पडद्यावर रेघ सरकत होती आणि मी तिच्याकडं डोळे लावून बसलो होतो. आता पलीकडं सांगण्यासारखं काही नव्हतं, म्हणून ती बाई बूथमध्ये गेली. "आन जरा हिकडं. त्या पोरीला सांगते, व्हायलंय म्हनून." तिनं सलीमच्या हातातून फोन घेतला.

खिडकीतून मला ती दिसत होती. बोलता बोलता ती थांबली. दुसरा कान हातानं दाबून तिनं ऐकलं. मग तिचा तोच आवाज, पण आता माझ्यासाठी नसलेला, इथवर आला. "बाई, तू हुबी हायस का बसल्याली? कवापासून हुबी हायस? दात कावून वाजायलेत तुझे?"

मी उठून उभा राहिलो.

"मशीन ऱ्हाऊ दे मसनात. कोन हाय तिथं? नर्स हाय का? तिच्या हातात दे फोन. दे म्हनते ना!"

मी जिना कसा उतरलो आठवत नाही. सबंध दुपार माझी लेक माझ्याशी बोलत होती, आणि पहिल्या दोन-तीन खेपा सोडल्या तर तिचा आवाज मी ऐकलाच नव्हता. त्या पहिल्या खेपांतही ऐकला होता तो नंबरांसाठी. सलीम बिचारा अक्षरं नीट ऐकण्यात गुंतलेला. आत्या तिच्यासाठी पेज आणायला गेली होती, आणि ही पोरगी टाक्यांवर हात दाबून काउंटरला टेकून उभी. मी फोन घेतला तेव्हा पलीकडं धावपळ ऐकू येत होती. कुणीतरी म्हणालं, पट्टी पूर्ण भिजलीय, ताप चढलाय, डॉक्टरांना बोलवा. मग फोन तुटला.

बीडकडं जाणारी एसटी थांब्यावर उभी होती. माझ्या हातात माडीची किल्ली होती. ती बाईच म्हणाली, "जावा तुमी. बघत काय बसलाव?" मी किल्ली सलीमपुढं ठेवली, सकाळी पोरी आल्या की उघडून दे एवढं म्हणालो आणि पळालो. मशीन पुरतं सुरू झालं की पुन्हा हाका मारत बसलं, ते मी पाहिलं नाही. बसमध्ये ते आठवलंही नाही. मंत्र म्हणावा म्हटलं तर तोही आठवेना. नुसता हात गळ्याशी धरून बसलो.

गिरिजाला पुन्हा आत घेतलं होतं. टाके आतून सुटले होते. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, वेळेवर लक्षात आलं, उशीर झाला असता तर अवघड होतं. कुणाच्या लक्षात आलं हे मी त्यांना सांगू शकलो नाही, कारण मला त्या बाईचं नावही ठाऊक नव्हतं. सकाळी गिरिजानं डोळे उघडले आणि क्षीण आवाजात विचारलं, "मशीनं?"

मी म्हणालो, "माहीत नाही गं." आणि गंमत अशी की ते म्हणताना मला अजिबात चुकल्यासारखं वाटलं नाही.

दुपारी सलीमचा फोन आला. मशीनं चालू झाली होती, एक सोडून सगळी. मुली आळीपाळीनं बसल्या आणि परीक्षा पार पडली.

गिरिजा हिंडू-फिरू लागल्यावर आम्ही दोघं लिंबागणेशला गेलो. त्या बाजूच्या एका वाडीतून ती सीताफळं घेऊन येते, एवढं सलीमला कळलं होतं. गणपतीचं दर्शन घेतलं, विचारत विचारत वाडीवर पोचलो. कोंडाबाई तिचं नाव. अंगणात कडबा रचत होती. मी दुकानातलं लुगडं पुढं केलं आणि त्या दिवसाचं बोललो. तिला मशीन आठवेना, बी आणि डी आठवेना, मी तर मुळीच आठवेना. "आसंल बाबा," एवढंच म्हणाली. मग गिरिजा म्हणाली, "मावशी, मी बोलत होते फोनवर."

तिनं मान वर केली. "थंडी वाजायलती ती तूच व्हय?" आणि कडबा टाकून तिनं गिरिजाचा चेहरा दोन्ही हातांत धरला.

लोक मला विचारतात, ती बाई नेमकी त्या दिवशी तिथं कशी बसली, तिनं फोन का घेतला. मी उत्तर शोधायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. माझा गोंधळ अजून तसाच आहे. वय वाढलं तसा तो थोडा वाढलाच आहे. पण आता त्याचं ओझं वाटत नाही. पूजेला बसतो तेव्हा कारणं विचारत नाही, एवढंच मागतो. देवा, मला काही समजलं नाही तरी चालेल, पण पलीकडं कुणाचा आवाज थरथरत असेल, तर तेवढा मला ऐकू येऊ दे.