हाडं माझी, खडू दिनकरचा

“गाडी वळवा! अरे, स्मशानात कुठं नेताय त्याला? मेडिकल कॉलेजात न्यायचंय!” भर दुपारी निगडीच्या चौकात शववाहिनीला आडवा होऊन मी ओरडत होतो. माझा आवाज देहूरोडपर्यंत गेला असणार. मागे हॉर्नांचा कल्लोळ, ड्रायव्हर हात जोडतोय, आणि मी बंपर धरून उभा. शेवटी गाडीतून शैलावहिनी उतरल्या... दिनकरच्या पत्नी. म्हणाल्या, “भावोजी, बाजूला व्हा. त्यांनी देहदानाचा फॉर्म भरलाच नव्हता.” मी बाजूला झालो. गाडी गेली. माझा तीस वर्षांचा दोस्त मला चौकात उभा करून, चक्क दगा देऊन निघून गेला.

दिनकर आमच्या चाकणच्या कंपनीतल्या दवाखान्यात जखमा बांधणारा ड्रेसर होता, मी पत्रा दाबायच्या प्रेस शॉपला. नव्या कामगारांना प्रथमोपचार शिकवायचं काम त्याच्याकडे. त्याचं म्हणणं एकच... आधी हाडं ओळखा, मग पडलेल्या माणसाला हात लावा. त्यासाठी त्याने साहेबांकडे एक सांगाडा मागितला. साहेबांनी खर्च वाचवला आणि मला पाठवलं. मी तेव्हा इतका काटकुळा, की पंखा चालू करताना लोक आधी मला खांब धरायला सांगायचे! दिनकरने मला वरून खाली न्याहाळलं आणि म्हणाला, “बबन्या, शर्ट काढ. तुझ्यात सगळं दिसतंय राव.”

तेव्हापासून प्रत्येक बॅचसमोर मी उघडाबंब उभा आणि दिनकर पत्र्यावर खुणा करायच्या खडूने माझ्या अंगावर हाडं काढतोय. छातीवर बरगड्यांच्या बारा जोड्या. पाठीवर मणक्यांची माळ. मानेचे मणके सात, “जिराफाच्या मानेतही सातच, मग कशाला मान ताठ करता?” असं म्हटलं की पोरं हसायची. मांडीचं हाड सगळ्यांत मोठं, कानातलं सगळ्यांत बारीक. बाळाची तीनशेच्या आसपास हाडं जुळत जुळत मोठेपणी दोनशे सहा होतात, हे सांगताना त्याचा आवाज हळवा व्हायचा. इतक्या वर्षांत माझ्या अंगावर जेवढा खडू गेला, तेवढ्यात पिंपळे सौदागरच्या सगळ्या सोसायट्या रंगवून झाल्या असत्या. तो स्वतः मात्र मे महिन्यातही गळ्याचं बटण लावून उभा. मी म्हणायचो, “एकदा तू काढ की शर्ट, मी आखतो.” तो म्हणायचा, “मास्तरनं शर्ट काढला तर फळा कुठला आणि मास्तर कुठला, कळायचं कसं?” मला ते पटायचं.

थट्टा सोडा. एकदा वेल्डर शिडीवरून पडला. सगळे त्याला बखोटीला धरून उठवायला धावले. मी किंचाळलो, “मानेला हात लावू नका!” माझ्याच मानेवर सात खुणा उमटल्यासारख्या वाटल्या. नंतर डॉक्टर म्हणाले, उचलला असता तर जन्मभर खाटेवर राहिला असता. त्या संध्याकाळी दिनकर माझ्या खांद्यावर हात ठेवून गेटपर्यंत चालत आला...

रिटायर झाल्यावर देहदानाचं खूळ त्यानेच काढलं. “आयुष्यभर खडूवर शिकवलं, आता खरंखुरं शिकवू. दोघं शेजारशेजारच्या टेबलावर पडू. तू तिकडंही बडबड कर.” दोन फॉर्म आणले. माझा तिथंच भरून घेतला, साक्षीदार म्हणून खाली स्वतःची वळणदार सही ठोकली. स्वतःचा मात्र “चष्मा विसरलोय, घरी भरतो” म्हणून खिशात घातला. माझी बायको तीन महिने माझ्याशी बोलली नाही. मुलगा म्हणाला, बाबा, तुमचं डोकं फिरलंय. सगळ्यांशी भांडलो मी, कुणाच्या जोरावर? आणि आता त्या टेबलावर मी एकटाच जाऊन पडू?

दिनकर गेल्यावर आठवड्याने माझा फॉर्म फाडायला बाहेर काढला. अर्ध्यावर हात थांबला. खाली त्याची सही होती. त्याच्या हातचं माझ्याकडे तेवढंच उरलंय... खडू तर रोजच्या रोज आंघोळीत वाहून गेला. घडी करून फॉर्म परत कपाटात ठेवला.

परवा शैलावहिनींकडे गेलो. त्यांनी त्याची खडूची पत्र्याची डबी पुढे केली. आत पांढऱ्या भुकटीत तो दुसरा फॉर्म, चार घड्या घातलेला. नाव लिहिलेलं, पत्ता लिहिलेला, सहीची जागा कोरी. माझा तोल गेला. “वहिनी, मला पुढं घालून हा मागच्या मागं पळाला! मला फसवायचं कारण तरी काय होतं त्याला?”

वहिनींनी डबीचं झाकण लावलं. म्हणाल्या, “त्यांना चारचौघांत शर्ट काढायची लाज वाटायची.”