जाऊबाईंचा थंड ट्रॅक्टर

माझ्या जाऊबाईंचा ट्रॅक्टर तापत नव्हता आणि आमचा तापत होता. एवढ्या एका गोष्टीने त्या सोयाबीनच्या हंगामात मला घास गोड लागेना.

दोन्ही ट्रॅक्टर एकाच दिवशी, दिग्रसच्या एकाच शोरूममधून आलेले. रंग एक, मॉडेल एक. अंगणात शेजारी शेजारी उभे होते. माझ्या नवऱ्याचे मोठे भाऊ, म्हणजे माझे भासरे, थोरले म्हणून नारळ आधी त्यांनी फोडला. डावीकडच्या ट्रॅक्टरवर जाऊबाईंनी हळदी-कुंकवाचं स्वस्तिक काढलं. उरला तो आमचा. तेव्हा मीही हौसेने स्वस्तिक काढलं, पेढे वाटले. पुढे मात्र रोज वाटायचं, डावीकडच्यावर माझं बोट आधी टेकलं असतं तर?

वाटण्या झाल्यावर दोघा भावांच्या वाट्याला शेती थोडीच आली. ट्रॅक्टर घेतले ते लोकांची मळणी करायला. ट्रॅक्टर शेतात उभा करायचा, मागे थ्रेशर जोडायचं आणि सोयाबीन काढून द्यायचं. पण एका जागी उभं राहून जोर लावायची वेळ आली की आमच्या ट्रॅक्टरचा काटा लाल रेघेवर गेलाच. मग बॉनेटखालून वाफ, इंजिन बंद, मजूर बांधावर बसलेले आणि शेतमालक आभाळाकडे पाहत उभा. सुरुवातीला लोकांनी सांभाळून घेतलं. मग ते आमच्या फाटकावरून पुढे जाऊन भासऱ्यांच्या फाटकात शिरायला लागले. हा हंगाम हातचा गेला असता तर ती गिऱ्हाइकं पुन्हा आमच्या दारी आली नसती.

आमच्या दोन घरांमध्ये नुसता तुराट्यांचा, तुरीच्या वाळक्या काड्यांचा, कूड आहे. पलीकडचं सगळं दिसतं आणि जे दिसत नाही ते ऐकू येतं. सकाळी त्यांचा ट्रॅक्टर एका दमात सुरू व्हायचा आणि आम्हाला शब्द दिलेल्या शेताकडे आमच्याच दारावरून जायचा. छताला लाल झालर. जाऊबाई कुडावरून मान काढून विचारायच्या, "काहून वं, बसला का पुन्हा तुमचा?" विचारण्यात काळजी असेलही. माझ्या मात्र तळपायाची आग मस्तकात जायची.

एका दुपारी विरजण मागायच्या निमित्ताने मी त्यांच्या अंगणात गेले. हातात रिकामी वाटी. ट्रॅक्टर नुकताच शेतातून येऊन उभा होता, आजूबाजूला कोणी नव्हतं. त्यांचाही तापत असेल, हे लोक सांगत नसतील, असा मला संशय होता. मी बॉनेटवर तळहात ठेवला. दुभत्या गाईच्या पाठीइतकं कोमट. मला रडूच यायचं बाकी राहिलं. हात तसाच ठेवून मी देवाला म्हटलं, याचाही काटा एकदा तरी वर जाऊ दे रे बाबा. तेवढ्यात आत भांडं वाजलं आणि मी वाटी घेऊन तशीच परत आले.

माझा नवरा भला माणूस. भला म्हणजे शोरूमवाल्याने "पाहतो" म्हटलं की खरंच तो पाहतोय असं समजणारा. शेवटी मीच एसटीत बसले आणि दिग्रस गाठलं. मोबाईलमध्ये वाफेचा व्हिडिओ होता. तिथल्या माणसाने तो अर्धाच पाहिला.

"मॅडम, जाळीत भुसा, कुटार अडकतं. साफ करत जा."

"रोज साफ करतो. आमच्या जाऊबाईचा टॅक्टर बी कुटारातच उभा रायते. तो काहून नाही तापत?"

"प्रत्येक गाडी वेगळी असते."

"लेकरं वेगळी असते भाऊ. एका कारखान्यातलं लोखंड कायले वेगळं असन? वॉरंटी हाय ना? मंग बदलून द्या."

मोठे इंजिनिअर येतील, असं तो म्हणाला. मी रोज फोन लावायला लागले. माझा नंबर त्याला पाठ झाला असावा, कारण पुढे पुढे तो उचलेना. मग मी नवऱ्याच्या फोनवरून लावला, तो लगेच उचलला. त्यानंतर इंजिनिअर आला.

माणूस सरळ होता. पाणी, पट्टा, पंखा, जाळी, सगळं पाहिलं. मग हात पुसत म्हणाला, "रेडिएटर आतून खराब असेल तर तो कंपनीचा दोष, वॉरंटीत बदलून मिळेल. पण तुम्ही इंजिनावर जास्त ताण दिला असेल तर काही मिळणार नाही. माझ्याजवळ दुसरा रेडिएटर नाही. याच मॉडेलचा चांगला रेडिएटर लावून चालवला तर आत्ताच कळेल. नाहीतर मला ताणाचंच लिहावं लागेल. गावात आहे का असा ट्रॅक्टर?"

आम्ही दोघांनी कुडाकडे पाहिलं, मग त्यानेही.

नवऱ्याला म्हटलं, जा, विचारा भावाला. त्याने ब्रश उचलला आणि झाडलेली जाळी पुन्हा झाडायला घेतली. वाटणीपासून त्याने भावाजवळ काही मागितलेलं नाही. मग मीच डोक्यावर पदर घेतला आणि निघाले.

आता इथे एक अडचण होती. आमच्याकडे धाकट्या भावाची बायको भासऱ्यांशी समोरासमोर बोलत नाही, तेही तिच्याशी बोलत नाहीत. काही सांगायचं तर जाऊबाईंना सांगायचं, त्या त्यांना सांगतात, उत्तर त्याच वाटेने परत येतं. माणूस पुढ्यात उभा असला तरी हाच रस्ता.

भासरे टाकीत डिझेल ओतत होते, थ्रेशर जोडून तयार होतं. मी जाऊबाईंकडे तोंड केलं.

"जाऊबाई, त्याइले म्हणा, आजच्या दिवस रेडिएटर काढू द्या. इंजिनिअर लावून पायते, संध्याकाळी बसवून देते."

जाऊबाईंनी तेच त्यांना सांगितलं. भासरे डबडं न ठेवताच म्हणाले, "तिले सांग, माही मशीन निघाली. उभ्या हंगामात चालता टॅक्टर कोणी खोलत नसते. नाही जमत."

शब्द न् शब्द माझ्या कानांवर पडला. जाऊबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत मजा असेल, असं मी धरूनच चालले होते.

"ते हो म्हणते," जाऊबाई म्हणाल्या. "संध्याकाळपर्यंत बसवून द्या म्हणते."

भासरे डबडं धरून तसेच राहिले. मला थेट "नाही म्हटलं" असं सांगणं त्यांना शक्य नव्हतं. मी जे ऐकलं ते ऐकलं असं मलाही म्हणता येत नव्हतं.

"अवं, मी काय म्हटलं?" त्यांनी बायकोला विचारलं.

"तुमी हो म्हटलं."

भासऱ्यांनी डबडं खाली ठेवलं आणि ते पाणी प्यायला आत गेले.

त्यांचा रेडिएटर आमच्या ट्रॅक्टरवर चढला. थ्रेशर दुपारभर चाललं आणि काटा अर्ध्याच्या वर सरकला नाही. इंजिनिअरने रेडिएटरचा दोष लिहिला, संध्याकाळी ज्याचा त्याला बसवून दिला. आमचा नवा आला तेव्हा अर्धा हंगाम उरला होता. गिऱ्हाइकं परतली.

मला आनंद झाला, नाही असं नाही. पण आत काहीतरी टोचत होतं. नवऱ्याचा नकार त्याच्या तोंडासमोर फिरवायचा आणि त्याने गुमान पाणी प्यायला जायचं! एवढा दरारा माझा माझ्या घरात नाही. वर सगळं गाव म्हणायचं, जाऊ असावी तर अशी. मी मान डोलवायची आणि जळायची. कारण त्यांच्या जागी मी असते तर ते "नाही" जसंच्या तसं पोचवलं असतं, वर दोन शब्द माझ्या पदरचे घातले असते.

नवा रेडिएटर बसल्याच्या दुसऱ्या दिवशी जाऊबाई कुडाजवळ आल्या. हातात वाटी होती.

"घे वं, विरजण. त्या दिवशी बॉनेटले हात लावला अन् वाटी तशीच घेऊन गेली तू."

त्यांनी वाटी माझ्या हातात दिली आणि त्या कामाला निघून गेल्या.

त्या रात्री त्यांच्याच विरजणाचं दही लावलं. सकाळी पाहिलं तर वडी पडावी इतकं घट्ट. माझ्या विरजणाचं तसं कधी लागलं नव्हतं.