काकीच्या खोलीची चावी

शेजारच्या काकीची खोली बंदच असते, असं मी सर्व्हेला आलेल्या कारकुनाला सांगितलं, तेव्हा त्या खोलीची चावी माझ्या पाठीमागे, आमच्याच दाराच्या चौकटीला, खिळ्यावर लटकत होती. हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर सांगता सांगता मी स्वतःची बाजू घ्यायला लागेन.

आमची चाळ काळाचौकीची. काकी गावाला निघाली की चावी आमच्याकडे, हे माझ्या जन्मापासूनचं. तिच्या देवापुढे दिवा लावायचा, तुळशीला पाणी घालायचं, पिंपातलं पाणी बदलायचं, हे सगळं त्या चावीबरोबर यायचं. दरवर्षी शिमग्याला ती मालवणला जायची, पालखी नाचवून आणि आंबे घेऊन परतायची. काका लवकर गेले, मूलबाळ नाही. मुंबईत तिचं म्हणावं असं काही होतं तर ती दहा बाय बाराची खोली.

गेल्या दहाएक वर्षांत आमच्या मजल्यावरचं बरंच काही हललं. समोरच्या गिरणीच्या जागी टॉवर उभे राहिले, अर्धी बिऱ्हाडं विरार-बदलापूरला गेली. लॉकडाऊनमध्ये माझी नोकरी गेली आणि पाठोपाठ आई. आईला कोरोना झाला म्हणून आमचं दार पट्टी लावून बंद केलं होतं, तेव्हा दोन्ही वेळचं जेवण कठड्यावर आणून ठेवणारी काकीच होती. भाकरीखाली कधी तळलेला बांगडाही लपवलेला असायचा.

नंतर पुनर्विकासाचं सुरू झालं आणि मी कमिटीचा सेक्रेटरी झालो. आई शेवटच्या वर्षभरात भिंत धरत धरत मजल्याच्या टोकाच्या संडासापर्यंत जायची, ते माझ्या डोळ्यांपुढून जात नव्हतं. घरात संडास असलेलं घर, एवढंच मला हवं होतं. त्यासाठी मी कुणाशीही भांडायला तयार होतो.

काकी संमतीची सही देत नव्हती. भर मीटिंगमध्ये तिने मला विचारलं, "काय मिळतला तां लिवन दाखव, मगे सही करतंय. तुज्या तोंडाक मी काय चुलीत घालू?" लोक हसले. माझ्याकडे लेखी काही नव्हतं. ती बरोबर होती, आणि तेच मला झोंबलं.

सर्व्हे आला तो नेमका शिमग्यात. कारकून तिच्या कुलपापुढे थांबला, इथे कोण राहतं म्हणून विचारलं. मी म्हणालो, "बंदच असते खोली." त्याने लिहून घेतलं आणि पुढे गेला. काकी घाबरेल, सही देईल, मग आपण दुरुस्त करून घेऊ, असा माझा हिशेब होता. निदान मी स्वतःला तसं सांगत होतो.

यादी लागली तेव्हा, खोली बंद असते म्हणून काकी अपात्र होती. चाळ पाडल्यावर सगळ्यांना घर मिळणार, तिला नाही. कुणीतरी वाचून दाखवल्यावर ती थेट आमच्या दारात आली.

"खोली बघूक इले तेव्हा चावी तुमच्याकडेच हुती मां रे झिला?"

"मी बाहेर गेलो होतो, काकी," मी म्हणालो.

ती "बरां" म्हणाली आणि गेली. खिळ्यावरची चावी त्याआधीच तिच्याकडे परत गेली होती, ती पुन्हा आमच्याकडे आली नाही. पुढच्या शिमग्याला काकी गावी गेलीच नाही. कुणी तपासायला आलं तर खोली उघडी दिसायला हवी म्हणून दार सताड उघडं टाकून, चावी कमरेला खोचून, ती दिवसभर उंबऱ्यात बसून राहायची. पालखीच्या दिवशीही बसली होती. नवं लुगडं नेसून.

ते मला पाहवेना. मी ठरवलं, आता हे आपणच निस्तरायचं, पद गेलं तरी चालेल. कमिटीतले म्हणाले, एकीसाठी सगळ्यांची फाइल अडकेल. मी राजीनामा दिला. काकीची जुनी लाइट बिलं, रेशनकार्ड, भाडेपावत्या तिच्या ट्रंकेतून काढून अपिलाच्या अर्जाला लावल्या. ती एकेक कागद हातात देत गेली. वर, चावी आमच्याकडे होती असं माझं प्रतिज्ञापत्र जोडलं. फेऱ्या किती झाल्या ते मोजलं नाही. जिथे उद्या या म्हणाले तिथे मी उद्या गेलो.

सुनावणीत साहेबांनी विचारलं, चावी तुमच्या घरी होती तर तेव्हाच का नाही सांगितलंत? मी म्हणालो, त्या सही देत नव्हत्या म्हणून. काकी शेजारच्याच खुर्चीवर होती. ती वर पंख्याकडे बघत राहिली. येताना बसमध्येही ती पुढच्या सीटवर बसली.

काही महिन्यांनी तिचं नाव पात्र यादीत आलं. मला वाटलं, फिटलं. घरी येऊन बायकोला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "साहेबांना सांगितलंत. काकींना कुठे सांगितलंत?"

खरंच नव्हतं सांगितलं. कागदावर सगळं होतं, काकीच्या तोंडावर एक शब्द नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. काकी मोरीपाशी बांगडे साफ करत बसली होती. मला पाहून तिने पाट पुढे सरकवला, पण हात थांबवला नाही. मी बसलो नाही.

"काकी, त्या दिवशी मी घरातच होतो. चावी माझ्या पाठीमागे होती. तू सही देईनास, त्या रागात मी तुझं घर बंद म्हणून सांगितलं. तू विचारायला आलीस तेव्हा परत खोटं बोललो. तुझा शिमगा माझ्यामुळे बुडाला. माझं चुकलं, काकी. मला माफ कर."