एकट्या माणसाची गाडी

गाडी बघायला म्हणून मी गेलोच नव्हतो. चंद्रपूरला खात्याची मीटिंग होती, ती नेहमीसारखी चहा-बिस्किटांवर आटोपली, अन् बसला वेळ होता म्हणून रस्त्यानं नुसता चालत होतो. तर एका शोरूमच्या काचेआड ती उभी. उंच, सडपातळ, दातेरी टायरची, मडगार्ड चाकापासून चांगलं वीतभर वर. डांबरावरची मोटरसायकलच नव्हे ती. दगडगोटे, नाले, चिखल, यासाठी जन्माला आलेली. माझं वय पन्नाशीच्या पुढं, डोक्यावरचे केस गेलेले, बुटाला वाळलेलं शेण. शोरूमवाल्याला वाटलं, गृहस्थ पोरासाठी बघायला आलेत. मला पोरगा नाही. एक पोरगी आहे, ती पुण्यात असते.

मी जनावरांचा डॉक्टर. म्हणजे लोक डॉक्टर म्हणतात, खात्याच्या लेखी पशुधन पर्यवेक्षक. कुरखेड्याला राहतो अन् आसपासची गावं फिरतो. लस टोचायची, जखमेतले किडे काढायचे, अडलेली गाय सोडवायची. रस्त्यांचं काय सांगू! उन्हाळ्यात फुफाटा, अन् पावसाळ्यात धानाची बांधी कुठं संपते अन् रस्ता कुठं सुरू होतो ते बांधीच्या मालकालाही सांगता येत नाही. मागच्या पावसाळ्यात माझी जुनी गाडी नाल्यात सायलेन्सरपर्यंत रुतली. चौघांनी म्हशीसारखी ओढून काढली, वरून हसले. ‘डॉक्टर, हिले सुई मारा आता!’

तर शोरूमवाला मला मागच्या मोकळ्या जागेत घेऊन गेला. ‘चालवून तं पाहा सर,’ म्हणाला. बसताना पाय एवढा वर उचलावा लागला की कंबर कटकन वाजली. पण एकदा बसलो अन् किल्ली फिरवली, तेव्हा... बाप्पा! खड्ड्यात घातली तर खड्डा कळेना. मुरमाचा ढीग होता, त्यावर चढवली, पायदानावर उभा राहिलो अन् पलीकडं उतरलो. मी एकटाच हसत होतो. किती दिवसांनी असं हसलो, आठवत नाही. लाज वाटली अन् बरंही वाटलं.

उतरलो अन् सवयीनं मागच्या चाकाजवळ पाहिलं. मागच्या माणसाचं पायदान नव्हतं. सीटही बघितली, चिंचोळी, एका माणसापुरती. शोरूमवाला म्हणाला, ‘ही एकट्याचीच असते सर. मागं वजन आलं का हिचा सारा खेळ बिघडते. एकच पीस राह्यलं, रविवारपर्यंत सांगा.’ सांगतो म्हटलं अन् बस पकडली.

मागच्या सीटवर माझी बायको बसायची. हवा खायला नाही हो, कामाला. कोंबड्यांची लस पहाटे द्यावी लागते, खुराडं उघडायच्या आत. एकदा कोंबडी सुटली की ती तुमची नाही, गावाची. आता पहाटेच्या वेळी एखाद्या घरी बाप्या माणूस जाऊन उभा राहिला तर बाई कशाला कोंबडी काढून देते? त्यात पुन्हा भीती, की डोळ्यात लसीचा थेंब टाकला का कोंबडी मरते. माझी बायको सोबत असली की सगळं सोपं. ती सरळ आत जायची, चुलीजवळ बसायची, घरच्या सुनेला दोन गोष्टी विचारायची अन् पदराखाली दोन-दोन कोंबड्या घेऊन बाहेर यायची. कोंबडी पकडण्यात तिचा हात कोणी धरणार नाही. ती पंख आवळून मान वळवायची, मी डोळ्यात थेंब टाकायचो. ‘थेंब डोळ्यात टाका जी,’ ती म्हणायची, ‘माह्या लुगड्याले रोग नाई झाला.’

येता-जाता लसीचा बर्फाचा डबा तिच्या मांडीवर. अन् तोंड चालूच. ‘खड्डा दिसत नाई का तुमाले? का माह्यासाठीच शोधून शोधून काढता?’ खात्यानं तिला कधी छदाम दिला नाही अन् तिनं कधी मागितला नाही. गावागावातून मला डॉक्टर म्हणतात ते निम्मं तिच्यामुळं, हे मी तिला कधी बोललो नाही. आमच्याकडं असं बोलत नाहीत.

पोरीचे दिवस भरत आले तेव्हा पोरगी स्वतः आली अन् आईला घेऊन गेली. बाळंतपण निभलं की परत, असं ठरलं होतं. आज नातू घरभर पळतो. आधी म्हणाली, उन्हाळा जाऊ द्या. मग म्हणाली, पाऊस उघडू द्या. मग दिवाळी झाली का येईन. एक दिवाळी गेली, दुसरी गेली. फोनवर तिचं बोलणंही बदललं. जावयासमोर ‘मला’, ‘तुम्हाला’ म्हणते, कोण्या दुसऱ्याच बाईशी बोलतोय असं वाटतं. मी मात्र एकदाही ये म्हटलं नाही. का म्हणू? घर तिचं आहे. आपल्या घरी यायला आवतण लागतं काय?

डबा आता मी जुन्या ट्यूबच्या पट्टीनं मागच्या सीटवर बांधतो. भात अजून दोघांचाच शिजवतो, एकट्याचा अंदाजच येत नाही. उरलेला सकाळी फोडणी घालून खातो. आमच्या रस्त्यावर एक जंगलाचा पट्टा आहे, तिथं संध्याकाळी कोणी एकटं जात नाही, वाघ आहे. अलीकडच्या चहाच्या टपरीवर गाडीवाले थांबतात, दुसरी गाडी आली की जोडीनं निघतात. मीही थांबतो. बाकी सगळ्यांच्या मागं कोणी ना कोणी बसलेलं असतं, आपसात बोलत असतात. माझ्या मागं डबा. वाघाची भीती मला वाटत नाही, पण ती टपरी नुसती खायला उठते.

कुरखेड्यात माझी गाडी सांभाळणारे एक म्हातारे मिस्त्री आहेत. आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणतो. मोबाइलवर त्यांना नव्या गाडीचा फोटो दाखवला. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी बराच वेळ पाहिला. ‘गाडी तो एक नंबर हाय डॉक्टरसाब. नाल्यातून अशी निघन का तुमाले समजनार बी नाई.’ मग फोटो बोटांनी मोठा केला. ‘पन भाभी कुठी बसन?’

आता पाहा, हे कोणीतरी विचारावं म्हणूनच मी दोन दिवस फोटो दाखवत फिरत होतो. पण ते चाचांनी विचारून काय उपयोग? तिनं विचारायला पाहिजे. त्याच दिवशी मी मनाशी पक्कं केलं. तिला गाडी दाखवायची. ‘मी कुठी बसू?’ असं ती म्हणाली, तर ती येणार आहे, अन् मग नाही घ्यायची गाडी. नाही विचारलं, तर घ्यायची अन् विषय मिटवायचा.

शनिवारी दिवेलागणीला फोन लावला. ती नातवाला वरणभात भरवत होती. नातवानं मला पाहून हात हलवला अन् पुन्हा टीव्हीकडं तोंड केलं. मी म्हटलं, ‘गाडी घ्यावी म्हणतो. फोटो पाठवला, पाह्यला का?’

‘पाह्यला. छान आहे. घ्या ना, जुनी किती दिवस ओढता?’

‘रानातली गाडी आहे. उंच आहे.’

‘मग कंबर सांभाळा.’

ती घास कालवत होती. शेवटी मीच म्हटलं, ‘मागं बसाले जागा नाई तिले.’

‘बरं,’ ती म्हणाली.

बरं! माझं डोकंच सरकलं. ‘बरं काय? तू कुठी बसशीन मंग?’

तिनं घास खाली ठेवला. नातवाला पोरीकडं दिलं अन् फोन घेऊन गॅलरीत आली. मागं कुठंतरी लिफ्टचा आवाज येत होता. ‘मी? मी कुठी हाओ तिथी?’

‘तुले यायचं नाई का?’ एवढ्या दिवसांत पहिल्यांदा विचारलं.

‘तुम्ही आले का आणाले?’

मला क्षणभर कळेना ती काय म्हणते. आमच्याकडं रीत आहे. बाई माहेरी गेली, बाळंतपणाला गेली, तर आपल्या पायानं परत येत नाही. घरचं माणूस आणायला जातं. नाही गेलं तर बाईनं समजून घ्यायचं, की आपल्याला नेणं नाही. पण ते कोणासाठी? मी म्हटलंही, ‘अवो, ते नव्या नवरीचं असते! तू आता आजी झाली.’

‘आजी झाली म्हणून काय पोतं झाली का मी, कोणी ना कोणी गाडीत टाकन अन् येईन?’ आता ती आमच्या बोलीत आली होती. ‘पोरगी न्याले आली होती मले, तवा आली मी. तुम्ही वडशाच्या स्टेशनावर बसवून देलं अन् म्हणे नीट राह्य. आणाले येतो म्हटलं का एक शब्द? पहिल्या दिवाळीले बॅग भरून ठेवली होती मी. वाटलं, आता येतीन. तुम्ही फोनवर इचारलं का तिकडं थंडी हाय का.’

विचारलं होतं मी. थंडीचंच विचारलं होतं. दोन वर्षं मी इथं रागावून बसलो की ही येत नाही, अन् ही तिथं बसली होती की हा आणायला येत नाही. कपाळ माझं! घाईघाईनं म्हटलं, ‘येतो मी. सोमवारीच निघतो. सुट्टी टाकतो, येतो आणाले.’

लिफ्ट पुन्हा खाली गेली.

‘आता नका येऊ जी,’ ती म्हणाली.

‘काऊन?’

‘तुम्ही आणाले आले तं मी येईनच. नाई म्हणनार नाई, तसं म्हणता येत नाई मले. म्हणून सांगते, नका येऊ. पहिलं वर्ष मी बाथरूमात जाऊन रडली. आता करमते मले इथी. खालच्या बगीच्यात बायका हायेत, पोरगा माह्याजवळच झोपते. तिथी परत येऊन मले पुन्हा पहिल्यापासून रडनं होत नाई आता.’ मग हळूच म्हणाली, ‘गाडी घ्या तुम्ही. चांगली हाय. मागं जागा असली का माणूस वाट पाह्यत राह्यते.’

नातू रडायला लागला होता. जाते म्हणाली अन् गेली. मी भाताचं झाकण उघडलं, पुन्हा ठेवलं. तसाच ओट्याशी उभा राहून मी रडलो, मोठ्यानं रडलो. ऐकायला कोण होतं?

रविवारी शोरूमवाल्याचाच फोन आला. ‘काय मग सर, करू बुक?’

‘नको,’ मी म्हटलं.

‘काऊन सर? त्या दिवशी तं एवढे खूश दिसले.’

‘मागं सीट नाही.’

‘अरे, तेव्हाच सांगायचं ना सर. मॅडम बसतात काय सोबत?’

‘हौ,’ मी म्हटलं, ‘रोज बसते.’