हवेच्या डब्यातलं जवसाचं तेल

मोटारीचं इंजिन माणसासारखंच हवा ओढतं. ती हवा गाळून आत जावी म्हणून त्याच्या डोक्यावर एक पत्र्याचा डबा बसवलेला असतो. त्या काळच्या डब्यांत तळाला थोडं इंजिनचं तेल असे आणि वर तारेची जाळी. धूळ तेलात बसायची, स्वच्छ हवा पुढे जायची. गोष्ट एवढी साधी. पण त्या डब्यातून काय काय निघू शकतं हे ज्याने पाहिलेलं नाही, त्याने माझ्यासमोर किळस हा शब्द काढू नये.

मी कोकणातला. शाळा लवकर सुटली. मामाच्या ओळखीने अकोल्याला एका मोटार-गॅरेजात येऊन पडलो तेव्हा दुसरी मोठी लढाई चालू होती, आणि वऱ्हाड मध्यप्रांतात मोडत होतं. घर इतकं लांब, की तिथून आलेल्या कार्डातला पाऊस माझ्यापर्यंत पोचायचा तेव्हा इथे थंडी पडलेली असे. पहिल्याच महिन्यात मला हिवताप चढला. गॅरेजच्या उस्तादांनी मला आपल्या ओसरीवर आणून निजवलं, स्वतःची गोधडी पांघरायला दिली आणि ताप उतरेपर्यंत, स्वतः मुसलमान असून, मी हिंदू असल्याची आठवण ठेवून शेजारच्या खाणावळीतून पेज मागवली. ते उपकार मी विसरलो नाही. आणि विसरत नव्हतो म्हणूनच मला सारखी धास्ती असे, की हा माणूस आपल्याला काढून टाकेल.

काढायला कारणही होतं. मला घाण सोसत नसे. एकदा एका गाडीची बॅटरी उतरवली तर खाली मेलेली घूस निघाली, आणि मी थेट गिऱ्हाइकाच्या पायांवर ओकलो. गिऱ्हाईक गेल्यावर उस्तादांनी मला जवळ बसवलं. ओरडले नाहीत, तेच वाईट.

"पाह्य भई," ते म्हणाले, "मोटार म्हंजे घाण. ज्याले घाण सोसत नाही त्यानं अत्तराचं दुकान टाकावं. आता आणखी एक डाव पाहतो. पुन्हा ओकला, तं मी सोता तुले आगगाडीत बसवून देतो."

आगगाडी म्हणजे काकाचं घर, जिथे मी खाणारं एक तोंड होतो. आई तिथेच राहत होती आणि तिने साऱ्या वाडीला सांगून ठेवलं होतं, की पोरगा मोटारी दुरुस्त करतो. मी परत गेलो असतो तर तिने तोंड कुठे लपवलं असतं?

कार्तिक लागला होता. कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंग गिरण्या सुरू झालेल्या, रस्त्यावरून कापसाच्या गाड्या चाललेल्या, आणि हवेत सगळीकडे तंतू. ते भुवयांवर बसत, चहात पडत. अशाच एका सकाळी एक जुनी मोटार काळा धूर ओकत गॅरेजपुढे येऊन उभी राहिली. चालवणारा नांदगाव खंडेश्वरकडचा बागाईतदार. याच गाडीतून तो अमरावतीच्या बाजाराला शेवंती आणि वांगी नेई. बाळापूरला सोयऱ्यांकडे येऊन परत निघाला होता. मागे भाजीच्या रिकाम्या पाटीशेजारी त्याची म्हातारी आई बसलेली. तिला रुक्मिणीच्या माहेरी, कौंडण्यपूरच्या जत्रेला पोचवायचं होतं.

"मिस्त्री, गाडी दम टाकून राहिली ना," तो म्हणाला. "पेट्रोल बी सारं पिऊन टाकते. रेशनची कुपनं संपत आली."

उस्तादांनी बॉनेट उघडलं आणि मागे सरले. वास मलाही लागला. खवट तेलाचा, त्यात काहीतरी कुजल्याचा, आणि या सगळ्यावर इंजिनाची गरमी. कढईत तेल जळावं, त्यात कोणीतरी मेलेलं असावं, आणि तरीही तळण चालूच ठेवावं, तसा.

"डब्यात काय टाकलं बे?"

बागाईतदार ओशाळला. "लढाईपायी इंजनचं तेल कुठं भेटते? मंग..."

"मंग काय? तेल तं तेलच असते!" मागून म्हातारी बोलली. "घरच्या घाण्याचं जवसाचं हाय. बजारचं नाही! न् जाळी फाटली होती तं म्याच म्हटलं, कापूस भर. आपल्या वावरातला, सरकी काढलेला, सफेत. कानात घालतो, दिव्यात घालतो, त्याले काय झालं?"

उस्तादांनी तिला हात जोडले. मग माझ्याकडे पाहून फक्त हनुवटी हलवली. म्हणजे हे काम माझं. ते स्वतः समोरच्या बाकावर बिडी पेटवून बसले. माझी परीक्षा ते इंजिनात नव्हे, माझ्या तोंडाकडे बघून घेणार होते.

जवसाचं तेल हवा लागली की सुकतं, सुताराच्या रोगणासारखं घट्ट होतं. डबा त्याने गाडीला चिकटून बसला होता. लाकडी हातोडीने चहूबाजूंनी ठोकला तेव्हा कुठे पच्च असा आवाज करून सुटला. तो आवाज मी अजून विसरलेलो नाही. झाकण काढलं. वर तपकिरी साय धरली होती, दुधावर धरते तशी, सुरकुतलेली. मी स्क्रू-ड्रायव्हरने ती टोचली, तर ती फुटली नाही, वाकली. खाली पू असावा तसं दाट काहीतरी. कापसाचा बोळा फुगून काळा झालेला, आणि त्यात झुरळं. काही अख्खी, काहींचे नुसतेच पाय. तेलाच्या गोडीने मुंग्या आल्या होत्या, त्यांचा वेगळा थर. आणि सगळ्यांच्या मधोमध एक पाल, पोट वर करून, पारदर्शक झालेली.

चमच्याने काही येईना. हात घालावाच लागला. ते गार नव्हतं, कोमट होतं. हेच मला सर्वांत असह्य झालं. बोळा ओढला तशी पालीची शेपटी माझ्या बोटाला चिकटून आली. तोंडात पाणी सुटलं, आणि मग पाण्यामागून बाकीचंही वर आलं. सकाळची भाकरी, चहा, सगळं. तोंड गच्च मिटलं. गाल फुगले. डोळ्यांतून पाणी आलं. मी आईचं तोंड आठवलं, आगगाडीची शिट्टी आठवली, आणि जे वर आलं होतं ते परत गिळलं. त्याची चव इथे लिहीत नाही.

"काहून रे बाप्पा, लेकराचा जीव घाबरा झाला का?" म्हातारीने विचारलं.

मी मान हलवून नाही म्हटलं. तोंड उघडायची सोय नव्हती.

उस्ताद बिडी ओढत राहिले.

पुढचं सगळं त्यामानाने सोपं. डबा सोड्याच्या उकळत्या पाण्यात घातला. तरीही ते रोगण सुटेना. नखांनी खरवडलं, तर ते नखांखाली जाऊन बसलं आणि पुढे कितीतरी दिवस जेवताना नाकाशी येत राहिलं. शेवटी उस्ताद म्हणाले, "सोड. बदलून टाक." गॅरेजमागे एक मोडकी गाडी पडली होती, त्याच बनावटीची. तिचा डबा उतरवला. त्यात कुंभारीण माशीने मातीची घरं केली होती आणि घरांत अळ्या. त्या बघून मला काहीच वाटलं नाही. पालीनंतर अळ्या म्हणजे सभ्य मंडळी. डबा रॉकेलने धुतला, जाळी उन्हात वाळवली, तळात गाळलेलं जुनं इंजिनचं तेल खुणेपर्यंत ओतलं. कार्बुरेटरच्या तोंडात कापसाचे तंतू ओढले गेले होते, ते चिमट्याने एकेक काढले. डबा बसवून गाडी सुरू केली. आधी काळा धूर, मग करडा, मग काहीच नाही. इंजिन शांत फिरू लागलं.

"जत्रेपर्यंत गेली अन् वापस आली तं खरी," उस्ताद म्हणाले. मला राहा म्हणाले नाहीत, जा म्हणाले नाहीत.

जत्रा होईपर्यंत मी जे दिवस काढले ते माझे मलाच ठाऊक. अमरावतीकडून एखादी मोटार आली की मी हातातला पाना टाकून रस्त्यावर जाऊन पाही. ती कुठे रस्त्यात बंद पडली असेल, म्हातारी कुठल्या बाभळीखाली बसून मला शिव्या देत असेल, असंच डोळ्यांपुढे येई. खाणावळीत जवसाची चटणी वाढली की मी ताट ढकली. उपाशीच उठलेला मी उस्तादांना दिसत होतो.

आणि एक दिवस, पुन्हा बाळापूरकडे जाताना, ती मोटार आली. धूर नाही, वास नाही. म्हातारी स्वतः उतरली, हातात झाकणाचा डबा घेऊन, आणि सरळ माझ्यापाशी आली.

"देवीचं दर्शन झालं बाप्पा तुयापायी. घे. तुले आणलं. घरच्या घाण्याचं."

झाकण तिनेच उघडलं. जवसाचं तेल. पिवळंजर्द, ताजं, आणि तो वास. मी उस्तादांकडे पाहिलं.

"घे ना," ते म्हणाले. "आता इथंच राहायचं हाय तं खायची सवय कर."

मी डबा घेतला. म्हातारीच्या पाया पडलो. ती गेल्यावर उस्ताद जवळ आले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "त्या दिवशी गिळलं ना बे? पाह्यलं म्या. हवेचे डबे आजपासून तुयाच हाताखाली."

त्या दुपारी खाणावळीत मी भाकरीवर ते तेल घातलं, डोळे मिटले, श्वास धरला, आणि खाल्लं. पहिला घास उतरायला फार वेळ लागला. दुसरा घेतला.