तळपायाला टिचकी

नाताळच्या सकाळी साडेदहाला चिखलीच्या आमच्या चर्चमध्ये मी दहा मिनिटं बोलणार होतो. विषय होता 'आपल्यामध्ये आलेला देव'. भाषण दोन आठवडे आधीच लिहून झालं होतं आणि त्यावर मी खूश होतो. खामगावहून आणलेल्या विजेच्या ताऱ्यावर त्यात एक परिच्छेद होता. तारा एवढा मोठा, की ताऱ्याच्या मागानं बाळाला शोधत आलेले पूर्वेकडचे ज्ञानी थेट त्याच्यावरच येऊन आदळले असते. प्रमुख पाहुण्यांच्या शालीवर दोन वाक्यं होती. आणि ज्या बाळाला उतारशाळेत, म्हणजे साध्या धर्मशाळेतही, जागा मिळाली नाही, त्याच्या वाढदिवसाला आपण पहिल्या रांगेतल्या खुर्च्यांवरून भांडतो, हे तर होतंच.

ते भाषण झालं नाही. साडेदहाला मी बुलढाण्याच्या सरकारी दवाखान्यात, नवजात बाळांच्या खोलीत, शर्टाची बटणं उघडी टाकून खुर्चीत बसलो होतो आणि माझ्या छातीवर अकराशे ग्रॅमची माझी नात होती.

सातव्या महिन्यात मुलीचं बीपी अचानक चढलं आणि बाळाला दोन महिने आधी बाहेर काढावं लागलं. मुलगी वरच्या मजल्यावर होती. शुद्धीवर, पण उठायची परवानगी नाही. तिच्याजवळ माझी बायको. जावयाला खोकला, म्हणून त्याला काचेच्या बाहेर उभं केलेलं. सिस्टर म्हणाली, बाळाला आता काचेच्या गरम पेटीपेक्षा माणसाच्या अंगाची ऊब हवी, कातडीला कातडी लावून. आई येऊ शकत नसेल तर घरातलं कुणीही चालेल. घरात न खोकणारा आणि मोकळा असा मी एकटाच उरलो होतो. माझी निवड अशी झाली.

मी आधी आंघोळ करून आलो. बायकांनी भरलेल्या खोलीत शर्ट उघडताना कानापर्यंत लाल झालो. सिस्टरनं नातीला टोपी, मोजे आणि लंगोट एवढ्यावर माझ्या छातीवर बेडकासारखं पालथं ठेवलं, मान एका बाजूला वळवली आणि वरून आम्हा दोघांना एका फडक्यात बांधून टाकलं. मग तिनं सूचना दिली. एवढ्या लवकर आलेली बाळं मधेच श्वास घ्यायचं विसरतात. आपण चष्मा विसरावा तसं ती हे म्हणाली. तसं झालं तर तळपायाला टिचकी मारायची, मग त्यांना आठवतं. बाळाला वायरीनं जोडलेलं मशीन ओरडेल, पण मशीनच्या आधी तुम्हाला दिसलं पाहिजे. एवढं सांगून ती दुसऱ्या पेटीकडे गेली.

तीस वर्षं मी कॉलेजचं ग्रंथालय सांभाळलं. पुस्तकातली भीती घशात असते किंवा पोटात. माझी उजव्या हाताच्या मधल्या बोटात होती. ते बोट त्या पायाजवळ तयार धरलेलं, आणि पाय माझ्या अंगठ्याएवढा. तिचा श्वास एकसारखा नव्हता. चार-पाच भराभर, मग एक थांबा, मग पुन्हा. प्रत्येक थांब्याला माझाही थांबायचा.

त्या खोलीत साफसफाई आणि बाळांचं वरचं काम बघणारी एक मावशी होती. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "काऊन भेऊन राह्यले बाबा? लेकरू आहे ते, बाम नाही फुटाले."

शेजारच्या खुर्चीत रोहिणखेडची एक बाई आपल्या मुलाला असंच छातीशी बांधून बसली होती. तिचा तो सतरावा दिवस, म्हणजे या खोलीतली ती जुनी रहिवासी. ती हसली. आज तुमचा सण ना, असं तिनं विचारलं. जावयानं बाहेर सांगितलं असावं. मी हो म्हणालो. मग सणात असतं काय, असं तिनं विचारलं. मानही न हलवता मी तिला सांगितलं, की देव बाळ होऊन आला, तो दिवस. गोठ्यात जन्मला, परगावी.

"बाळंतिणीजवळ कोन होतं?"

"नवरा. दुसरं कुणी असल्याचं लिहिलेलं नाही."

तिनं आपल्या मुलाची टोपी कानांवर ओढली. "मंग त्या देवाले कोनं सांभायलं?"

"त्या दोघांनीच."

"हाव का," ती म्हणाली. "त्या मान्साले मंग झोप काई लागली नसंन."

साठ वर्षांत मी नाताळची किती प्रवचनं ऐकली असतील. त्या सुतार नवऱ्याच्या झोपेबद्दल कुणी बोललेलं मला आठवत नाही. देवदूत त्याला स्वप्नात येऊन घाबरू नकोस म्हणून गेला, एवढं ठाऊक होतं. जागा झाल्यावर त्याचं काय झालं, ते लिहिलेलं नाही. मला एकाएकी फार गलबलून आलं आणि मी लहानपणापासून जे करत आलो तेच केलं. प्रार्थना करायला डोळे मिटले.

किती वेळ, सांगता येणार नाही. एक-दोन वाक्यं झाली असतील.

"बाबा, डोये उघडा."

मावशी समोर उभी होती. माझ्या छातीवरची हालचाल थांबली होती. नातीच्या ओठांभोवती राखेसारखा रंग आला होता. त्याच क्षणी मशीन ओरडू लागलं. मी टिचकी मारली. म्हणजे बोट नुसतं लावलं.

"जोरात मारा. लाड करू नका."

मी जोरात मारली. काही नाही. परत मारली. मग उचकीसारखा एक झटका आला, तिचं तोंड वाकडं झालं आणि श्वास सुरू झाला. रंग परतायला लागलेला वेळ माझ्या आयुष्यातला सगळ्यात लांब.

मी प्रार्थना करत होतो, असं मी मावशीला सांगितलं.

"देव पाहून घेईन त्याचं," ती फडकं नीट करत म्हणाली. "तुमी लेकराकडे पाहा."

पुढचे दोन तास मी पापण्या लवल्याचाही हिशेब ठेवला. काचेपलीकडे जावई फोन दाखवत होता: चर्चमधली उपासना संपत आली होती, मंडळी उभी होती आणि मी एखादं वाक्य बोलावं अशी पाळकसाहेबांची इच्छा होती. मी मान हलवून नाही म्हटलं. तेव्हा मला जे कळलं होतं ते भाषणात नव्हतं. आपल्यामध्ये देव आला म्हणजे आपल्याला सांभाळणारा आला, असं मी धरून चाललो होतो. पण तो आला तो असा, की माणसांचं लक्ष जरा चुकलं असतं तर उरला नसता. हे मी मानतो. पण त्या सकाळी त्या विचारानं मला धीर आला नाही, उलट धडकीच भरली. नंतर पाळकसाहेबांनी विचारलं, त्या खोलीत देवाची उपस्थिती जाणवली का. जाणवली, म्हणालो, पण त्यानं मला खुर्चीतून उठू दिलं नाही.

दुपारी मुलीला चाकाच्या खुर्चीतून खाली आणलं. चेहरा सुजलेला, हाताला सुई. बाळ तिनं अजून नीट पाहिलंही नव्हतं. मावशीनं गाठ सोडली आणि नातीला उचललं. ती माझ्या छातीपासून आईच्या छातीपर्यंत हवेतून गेली, ते तीन-चार सेकंद माझं बोट तिच्या पायामागोमाग गेलं.

"बाबा, मला भीती वाटते," मुलगी म्हणाली.

"मलाही," मी म्हणालो. लेकीला हे मी पहिल्यांदाच सांगत होतो. मग तिला पाय दाखवला, बोट कसं धरायचं ते दाखवलं, किती जोरात ते माझ्याच तळहातावर मारून दाखवलं.

नातीला घरी सोडायला अजून एकोणतीस दिवस होते, हे तेव्हा आम्हाला माहीत नव्हतं. सोडतील की नाही, हेही नव्हतं. माझी पाळी संपली होती. मावशीनं मला दोनदा बाहेर जायला सांगितलं. मी बटणं लावत दाराशी उभा राहिलो आणि तिथून ती टोपी वर-खाली होताना बघत होतो.