यशोदाअक्काच्या घराची ओळ

ताडखेड्यात यशोदाअक्काला न ओळखणारं माणूस शोधायचं, तर ते पाळण्यातच शोधावं लागलं असतं. आणि त्यानंही जगात आल्यावर पहिलं तोंड तिचंच पाहिलेलं असायचं. चोपड्याहून सातपुड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं हे दोनशे घरांचं गाव. नर्सबाई आठवड्यातून एकदा येई. पण बाळं काही वार बघून येत नाहीत. त्यामुळे तीस वर्षं गावातलं बहुतेक प्रत्येक बाळंतपण यशोदाअक्कानं केलेलं. नवरा अभिमन वारलेला, एकुलती लेक यावलला दिलेली, आणि अक्का बौद्धवाड्यातल्या आपल्या घरात एकटी, पण ऐटीत राहायची. वय पंचावन्न, आवाज खणखणीत, चालणं असं की बरोबरीच्या बाया मागं पडाव्यात.

१९८८ च्या दिवाळीनंतर बौद्धवाड्यात विजेचे खांब उभे राहिले. वायरमन म्हणाला, "अक्का, मीटर पाहिजे तर पंचायतीतून घराचा उतारा आणा. नमुना आठचा."

अक्का त्याच पावली ग्रामपंचायतीत गेली. तोताराम बोरसे नावाचा ग्रामसेवक नुकताच बदलून आला होता. धुळ्याचा, देवपुरातला, तिशीही न ओलांडलेला. गाव त्याला भाऊसाहेब म्हणे.

"भाऊसाहेब, माले मना घरना उतारा जोयजे."

"घर नंबर काय?"

"सत्त्याऐंशी. दारवर लिखेल शे."

बोरशानं घरांच्या आकारणीची जाडजूड वही काढली, धूळ झटकली, पानं उलटली आणि वाचलं, "सत्त्याऐंशी. मालक रुपचंद झुलाल पाटील. गुरांचा गोठा, कुडाचा."

बाकावर बसलेली चार टाळकी खो खो हसली. अक्काही हसली. "गव्हाणीमा निजस का मी?"

बोरसे माणूस सरळ होता. वही मिटून तो तिच्याबरोबर घर बघायला आला. दारावर एक सोडून तीन नंबर होते. गेरूनं लिहिलेला सत्त्याऐंशी शिरगणतीवाल्यांचा. खाली पांढऱ्या रंगात एकतीस, तो हिवतापाची फवारणी करणाऱ्यांचा. चौकटीवर खडूनं एकशे बारा, तो कुणाचा ते देवच जाणे. पंचायतीचा नंबर जुन्या दारावरच्या पत्र्याच्या बिल्ल्यावर असायचा, आणि जुनं दार अक्कानं कधीच चुलीत घातलं होतं.

"आता नावावरून शोधावं लागेल," बोरसे म्हणाला.

परत पंचायतीत येऊन त्यानं दोनशे चौदा ओळींवरून बोट फिरवलं. 'अभिमन' दोन सापडले. एक गुजरवाड्यातला, दुसरा मयत होऊन वीस वर्षं झालेला सुतार. अक्काचा अभिमन कुठंच नव्हता.

"तुमचं घर दप्तरात दिसत नाही, अक्का."

अक्कानं पदर खोचला आणि समोरच्या स्टुलावर बैठक मारली. "पहिलं घर कोनतं लिखेल शे?"

"मारुतीचं देऊळ. त्याला घरपट्टी माफ."

"मंग?"

"झुलाल पाटील. मग दगा न्हावी."

अक्कानं डोळे मिटले. तिला अक्षर येत नव्हतं, पण गाव तळहातावरच्या रेघांसारखं पाठ होतं. "जेनी हाई लिखं, तो देऊळपाईन डावा हातले चालना," ती म्हणाली. "दगा न्हावीनंतर आधार कुंभार येवाले जोयजे."

बोरशानं खाली पाहिलं. आधार कुंभारच होता.

मग मोठी मजा झाली. बोरसे एक नाव वाची, अक्का पुढलं सांगे. कुंभारवाडा संपला, वहीतला कारकून नाल्याकडे वळला, अक्काही मिटल्या डोळ्यांनी वळली. एका ठिकाणी तिचं चुकलं, पण लगेच तीच म्हणाली, "थांबा, तठे पहिले तेलीनं घर व्हतं, ते इकी गया." बाकावरची टाळकी आता हसायची थांबली होती आणि माना पुढं काढून ऐकत होती. बौद्धवाड्यात शिरल्यावर अक्काचा आवाज हळू झाला. "भागाबाईनं घर. तेना शेजारलेच मनं."

एकशे त्रेसष्टावी ओळ. बोरशानं दोनदा वाचून मग मोठ्यानं वाचली. "मालक पुना सुका अहिरे. धाब्याचे घर. पडीत."

पुना सुका म्हणजे अक्काचा सासरा. एका पावसाळ्यात मातीचं धाबं कोसळलं, त्याच साली म्हातारा गेला. तेव्हा कुणीतरी वहीत 'पडीत' लिहून टाकलं. पुढं अक्का आणि अभिमननं विटा रचून, वर कौलं घालून तीन खणांचं घर उभं केलं, पण वहीला ते कुणी कळवलंच नाही. पडक्या घराला पट्टी नसते, म्हणून पंचायतीचा शिपाई अक्काकडे कधी फिरकला नाही. तिला आजवर वाटत आलेलं की सुईण म्हणून गावानं आपल्याला सोडलंय.

"म्हणजे दप्तराप्रमाणे घर पडलेलं आणि मालक वारलेला," बोरसे ओशाळून म्हणाला.

"बारा वरीसपाईन मी पडेल घरमा ऱ्हास, आन् माले ठावकंच नही!" अक्कानं कपाळावर हात मारला आणि इतकी हसली की तिला ठसका लागला.

मग तिनं वही आपल्याकडे वळवून घेतली. या रकान्यात काय, त्या रकान्यात काय, असं एकेक विचारलं. बोरशानंही कंटाळा केला नाही. हा घराचा नंबर, हा मालक, हा भोगवटादार, हे घर कशाचं आहे त्याचं वर्णन, ही लांबी-रुंदी, बांधल्याचं साल, त्यावरून काढलेली किंमत, आणि किमतीवरून पट्टी.

"भोगवटादार म्हंजे?"

"घर ज्याचं तो मालक. त्यात जो प्रत्यक्ष राहतो तो भोगवटादार."

अक्कानं जरा विचार केला. "आसं शे का! गावमधल्या सासवा मालक, आन् सुना भोगवटादार."

त्या वर्षी पंचायतीला सगळ्या घरांची नव्यानं आकारणी करायची होती, आणि तेच बोरशाचं दुखणं होतं. घर जितकं जुनं तितकी किंमत कमी, हे गावाला चांगलं ठाऊक होतं. त्यानं वीस घरं मोजली होती, आणि लोकांवर विश्वास ठेवायचा तर ही वीसही घरं इंग्रज यायच्या आधीची होती. ओल्या सिमेंटच्या भिंतीला टेकून माणसं "आजानी बांधेल शे" म्हणून सांगत होती.

"अक्का, तुम्ही माझ्याबरोबर फिराल?" त्यानं विचारलं. "कोणतं घर कधी झालं, तुम्हाला आठवत असेल."

अक्कानं लगेच होकार दिला नाही. "भिंतना साल सांगसू," ती म्हणाली. "बाळंतपनमा घरमधलं जे देखं, ते कोनलेच सांगाव नही. आन् पहिले मनं घर मोजा."

"तुमचं पहिलं मोजलं तर पट्टी सुरू होईल. पडीत राहिलं तर फुकट आहे."

"पडेल घरले लाईट कोन दी?"

दुसऱ्या दिवशी सकाळी टेपचं एक टोक धरून अक्कानं स्वतःच्या घराची लांबी-रुंदी दिली. विटा पक्क्या, कौलं चांगली, काहीही लपवलं नाही. "मागल्या आंगले न्हानी शे, ती बी लिखा," असं वर बजावलं. गावात बोलबाला झाला की अक्कानं आपण होऊन पट्टी लावून घेतली. कुणी तिला खुळी म्हणालं, पण नंतर तिच्यापुढं खोटं बोलायला माणसांची जीभ अडखळायला लागली.

फेरीचा पहिला दिवस मात्र अक्काला जड गेला. ती या घरांमध्ये शेकडो वेळा शिरलेली होती, पण ती वेळ वेगळी. पोटात कळा सुरू झाल्या की तिला थेट आतल्या खोलीत हात धरून नेत. बाळाची पाचवी झाली की तीच यशोदाअक्का पुन्हा ओट्याच्या पायरीवर बसे, आणि चहा वरून ओतला जाई. आता भर दिवसा, पुढच्या दारानं आत जायचं होतं. रुपचंद पाटलाच्या उंबऱ्याशी तिचा पाय थबकला. टेप ताणला गेला, बोरसे आतून म्हणाला, "या ना अक्का." ती हलली नाही. तेवढ्यात रुपचंदची म्हातारी आई द्रौपदाबाई बाहेर आली. तिनं अक्काकडे पाहिलं, टेपकडे पाहिलं.

"उभी का ऱ्हायनी? ये घरमा," द्रौपदाबाई म्हणाली. "मना चार नातवंडे तू काढात. भिंती मोजाले लाजस?"

अक्का आत गेली. त्या दिवशी चहा कपबशीतून आला, आणि अक्कानं तो बशीत ओतून सावकाश प्यायला. बाकीच्या घरांनी पाटलांच्या घरी काय झालं ते ऐकलं, आणि पुढं बहुतेक ठिकाणी दार उघडंच मिळालं. दोन घरांत मिळालं नाही. तिथं अक्का ओट्यावर उभी राहिली आणि बोरशानं एकट्यानं मोजलं.

सालं शोधायची अक्काची रीत साधी होती. "सुकदेव जलमना तवय आठे कूड व्हता. तेना भाऊ जलमना तवय इटा." एवढं ऐकलं की बोरसे संध्याकाळी पंचायतीतली जन्माची वही उघडी. सुकदेवचं साल सापडे, भावाचं सापडे, आणि भिंत त्या दोघांच्या मध्ये कुठंतरी पकडली जाई. दोन-चार ठिकाणी अक्का साल-दोन सालांनी चुकली, पण बाकी वही आणि ती सारखंच बोलत. बोरसे देवपुरातल्या आपल्या आईला पत्रात लिही, की या गावातली घरं मी बारशांवरून मोजतो आहे.

अक्कानं पट्टी फक्त वाढवली असंही नाही. शेजारच्या भागाबाईचं घर वहीत पाच खणांचं होतं. त्यातले दोन खण रस्ता रुंद करताना गेले, तरी म्हातारी पाचांची पट्टी मुकाट भरत आलेली. अक्कानं बोरशाला पायाचे दगड रस्त्याच्या कडेला उकरून दाखवले. भागाबाईचे तीन खण झाले. ही गोष्ट गावभर फिरली, आणि मग लोक आपण होऊन विचारायला लागले, "अक्का, आमनं बराबर लिखेल शे ना?"

यादी चावडीवर लागली. हरकतींच्या दिवशी रुपचंद पाटील धोतराचा सोगा सावरत उभा राहिला. केळीचा बागायतदार, बोलायला गोड. "मनी माडी तीस वरीसनी शे," तो म्हणाला. "भाऊसाहेबनी धाच लिखी."

बोरशानं अक्काकडे पाहिलं. अक्का बायांमध्ये बसली होती, उठली. "रुपचंदभाऊ, तुनी थोरली पोर खाले जलमनी का नही?"

"जलमनी."

"आन् धाकली?"

रुपचंद पुन्हा सोगा सावरू लागला. सभेत खसखस सुरू झाली.

"धाकली माडीवर. चुनाना वास येत व्हता, आन् खिडकीले कवाड नव्हतं. वारा लागी म्हनीसन मी मनं जुनं लुगडं बांधं. ते लुगडं तुमनी परत दिधं नही."

चावडी दणाणली. सरपंचांनी हसू लपवायला मिशीवर हात ठेवला. द्रौपदाबाई बायांमधून ओरडली, "खरं शे रे! लुगडं मीच ठी लिधं." रुपचंदही शेवटी हसत सुटला आणि हात जोडून खाली बसला. "धा तर धा. बठ्ठा गाव एकीकडे व्हयना, आते मी काय करू?"

अक्काच्या घराला वारसाची नोंद करावी लागली. लेकीनं यावलहून येऊन संमती दिली, नोटीस महिनाभर चावडीवर लटकली, कुणाचीच हरकत आली नाही. ठराव झाला, आणि माघातल्या एका सकाळी बोरशानं शिक्का मारून उतारा तिच्या हातात दिला.

"वाची दाखाडा," अक्का म्हणाली.

"घर नंबर एकशे त्रेसष्ट. मालक, यशोदाबाई अभिमन अहिरे. भोगवटादार, स्वतः."

"परत वाचा."

त्यानं परत वाचलं. अक्कानं कागदावर बोट ठेवून आपलं नाव कुठून सुरू होतं आणि कुठं संपतं ते विचारून घेतलं. उतारा घडी घालून पोलक्यात ठेवला. घरी जाताना वाटेत जो भेटेल त्याला थांबवून तिनं तो उलगडून दाखवला. घरी पोचायला दुपार झाली.

मीटर चैत्रात बसलं. यावलहून लेक आणि जावई आले, पुरणपोळ्या झाल्या, आणि वाड्यातली माणसं एका बल्बखाली दाटीवाटीनं जेवली.

नंतर एक नवंच काम अक्काच्या गळ्यात पडलं. बाया येऊ लागल्या. कुणाचा नवरा सुरतला गेलेला, कुणाच्या सासऱ्याच्या नावावर घर, कुणाला आपलं घर वहीत आहे की नाही हेच माहीत नाही. सोमवारी बोरसे पंचायतीत बसे, तेव्हा अक्का दोघी-तिघींना घेऊन जाई. वही उघडायला लावी, बोट ठेवायला लावी, न कळणारा शब्द विचारायला लावी. आकडे ती स्वतःच वाचायला शिकली. अक्षरांच्या वाट्याला मात्र गेली नाही. "तेना करता भाऊसाहेब शे," म्हणे.

एका सोमवारी अशीच वही उघडी असताना सुकदेवची आई धापा टाकत आली. सुनेच्या पोटात दुखायला लागलं होतं. अक्का उठली, पदर खोचला आणि दारातूनच मागं वळून म्हणाली, "भाऊसाहेब, तो दुसरा रकाना हाई बाईले नीट समजाडा. मी येस आर्ध्या-पाऊन तासमा."

त्या दिवशी ती संध्याकाळी परतली. सुकदेवला मुलगी झाली होती, आणि बोरसे रकाना समजावून कधीच घरी गेला होता.